आमची वाटचाल : अमळनेरात बनणारा गिटारचा ट्यूब हेडफोन अॅम्प

आमचं मूळ काम स्टॅबिलायझर आणि पंपाच्या स्टार्टरचं. अमळनेर, पारोळा, चोपडा इकडे लाइटीच्या व्होल्टेजचा भरवसा नाही, त्यामुळे गिऱ्हाईक बारमाही, वडिलांनी याच धंद्यावर आमची शिक्षणं केली. मी गिटार वाजवतो, लग्नसराईत बँडसोबत जायचो, आणि आमच्याकडच्या सगळ्या वाजवणाऱ्या पोरांची अडचण एकच, दिवसा कामधंदा आणि रात्री रियाज करावा तर उन्हाळ्यात अख्खी गल्ली गच्चीवर झोपलेली, अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर, लावायची सोयच नाही. चिपवाले छोटे हेडफोन अॅम्प मिळतात, पण ट्यूबमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओत असायचा त्या काचेच्या वॉल्व्हमध्ये, तार हलकी छेडली की आवाज स्वच्छ आणि जोरात मारली की कडेने हळूहळू फाटायला लागतो, ते हाताला लगेच कळतं. ते हेडफोनमध्ये पाहिजे होतं मला.

बऱ्याच स्वस्त वस्तूंमध्ये ट्यूबला 12 व्होल्ट देऊन नुसती पेटवून ठेवतात. आम्ही पहिल्यापासून 250 व्होल्टच देतो. पुढे एक 12एएक्स7 नावाची ट्यूब, हिच्या एकाच काचेत दोन ट्यूब असतात, त्या दोन्ही अर्ध्यांत गिटारचा सिग्नल वाढतो, आणि शेवटी तशाच 12एयू7 ट्यूबचे दोन्ही अर्धे पॅरलल जोडून आउटपुट. फार तर अर्धा वॅट निघतो, कानाला त्यातले काही मिलिवॅट पुरतात, बाकीची पॉवर 8 ओहमच्या रेझिस्टरमध्ये जिरते. त्याचा फायदा असा की कोणी 32 ओहमचा हेडफोन लावो नाहीतर 250 चा, ट्यूबला लोड (पुढे जोडलेला भार) जवळपास तोच दिसतो आणि आवाजाचा पोत बदलत नाही.

खरं काम आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं. ट्यूबला 10 किलोओहमच्या आसपास लोड लागतो, तो 8 ओहमवर आणायचा म्हणजे सेकंडरीच्या (हेडफोनकडच्या गुंडाळीच्या) एका फेऱ्याला प्रायमरीचे (ट्यूबकडच्या गुंडाळीचे) 35. बाहेरून मागवला तर महाग, आणि आमच्याकडे वाइंडिंग करणारे आप्पा होतेच, आयुष्यभर मोटारी आणि स्टॅबिलायझर भरलेले. त्यांना ट्यूब दाखवली तर म्हणे, "हाई काय शे भाऊ, हाई ते जुना रेडिओना वॉल!" 38 गेजची तार, अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली प्रायमरी, हे त्यांनी सहज भरलं, कारण असं भरलं तर वरचे सूर दबत नाहीत हे एकदा सांगितलं की पुरे. स्टॅम्पिंगला, म्हणजे कोअरच्या ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या घालायला, मात्र ते अडले. हाताला सवय ई आणि आय आलटून पालटून घालायची, इथे सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाचा तुकडा. का, तर प्रायमरीतून सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, वाहतो, फट ठेवली नाही तर कोअर चुंबकत्वाने आधीच भरून जातो आणि खालचे सूर गळतात. आप्पांनी कागद काढून एकदा, घालून एकदा असं दोन्ही ऐकलं, मान हलवली, आणि तेव्हापासून कागद तेच कापतात. ट्रान्सफॉर्मरमुळे अजून एक, 250 व्होल्ट आणि वाजवणाऱ्याचा कान यांच्यात सरळ जोड राहत नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट स्पीकरची. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने पडतो, हेडफोन मात्र सगळं ऐकवतो, म्हणून फाटलेला आवाज हेडफोनमध्ये तापल्या तेलात मोहरी टाकल्यासारखा चरचरतो. त्यासाठी आउटपुटनंतर वरचे सूर कापणारा कॉइल आणि कॅपॅसिटरचा फिल्टर, ज्याला हा नको असेल त्याच्यासाठी स्विच दिलाय पण कोणी बंद करत नाही.

स्टॅबिलायझरचा अनुभव हीटरला, म्हणजे ट्यूबच्या आतल्या तापणाऱ्या तारेला, कामी आला. गावात व्होल्टेज कधी 180 कधी 250, त्यामुळे हीटर रेग्युलेट केलेल्या डीसीवर चालवतो, ट्यूबचं आयुष्य वाढतं आणि 50 हर्ट्झची घरघरही जाते. आत कॅपॅसिटरवर ब्लीडर रेझिस्टर आहे, बंद केल्यावर मिनिटभरात चार्ज उतरतो, तरी झाकण उघडणाऱ्याने आधी मीटर लावायचाच, हे आम्ही झाकणाच्या आत मोठ्या अक्षरात छापतो, शेजारी पूर्ण सर्किट.

ट्यूब आपल्याकडे आता बनत नाहीत, स्लोव्हाकिया, रशिया, चीनवर अवलंबून. 2022 ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियातल्या सारातोवच्या ट्यूब अडकल्या, भाव चढले, तेव्हा आम्ही ऑर्डर थांबवल्या पण मिळेल ती ट्यूब घालून माल दिला नाही, प्रत्येक ट्यूब वाजवून, पेन्सिलीने टिचकी मारून बघूनच लावतो, खणखणली तर बाजूला.

जळगाव, धुळे, नाशिक, पुण्याहून ऑर्डर येतात, बॉक्सचा पत्रा जळगाव एमआयडीसीतून वाकवून येतो. सध्या बँडमधल्या बेंजोवाल्यांसाठी वेगळा इनपुट बनवतोय, त्यांचा पिकअप गिटारपेक्षा वेगळा वागतो आणि मागणी त्यांचीच जास्त आहे, लग्नसराईच्या आधी तो द्यायचाय.