रानडुकरं मधातूनच काऊन घुसतात

सोयाबीन सवंगायला आलं की आमच्याकडे रात्रीची जागल सुरू होते. यंदा मी घरीच होतो म्हणून आठवडाभर बाबांसोबत वावरात गेलो. वावर आमचं लांबट, पट्ट्यासारखं, एका टोकाला बाभळीखाली बाज अन् दुसऱ्या टोकाला नाल्याजवळ मचाण. बाबा बाजेवर बसतात, टॉर्च मारतात, हाऽऽ हाऽऽ करतात, मग डासं असे फोडून काढतात की उठून तरातरा मचाणाकडे, तिथं बूड टेकलं की तिथलेही डासं जमा, की परत बाजेवर. सकाळी पाहावं तर डुकरांनी लोळवलेलं सोयाबीन बरोब्बर मधातलं.

"बाबा, मधातूनच काऊन घुसतात हो?"

"तिथं मी कुठं बसतो?"

मायक्रोबायोलॉजी शिकलेला माणूस मी, पण कॉलेजात बाण काढून पाठ केलेली मिन सिस्टीम, म्हणजे जंतू आपला मध्य कसा शोधतो ते, मला तेव्हा खरी समजली.

ई. कोलाय नावाचा जंतू म्हणजे दोनेक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांबीची काडी. दोन तुकडे व्हायचे तर एफटीएस-झेड नावाचं प्रोटीन बरोबर मधात रिंग बनवतं (ही रिंग 1991 मध्ये दिसली). आता मधली जागा शोधायला काडीकडे ना टेप, ना मोजणीवाला. मग काय, तर मिन-डी नावाचं प्रोटीन एटीपी (पेशीचं इंधन) घेऊन एका टोकाशी पेशीच्या पडद्याला चिकटतं, सोबत मिन-सी हे दुसरं प्रोटीन, जे रिंग बनूच देत नाही. हे आपले बाबा. मागून मिन-ई हे तिसरं प्रोटीन येतं आणि त्याला तिथून उठवतं, म्हणजे डासं. उठलेल्या मिन-डीला पुन्हा एटीपी भरायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात दुसरं टोक रिकामं सापडतं, तिथं जाऊन बसतं. एक चक्कर साधारण मिनिटाभराची. सरासरी काढली तर राखण सगळ्यात कमी कुठं, तर मधात, म्हणून रिंग तिथं. 1999 मध्ये ही येरझार चमकत्या प्रोटीननं जिवंत पेशीत पाहिली, आणि 2008 मध्ये तर पेशी नाहीच, नुसत्या सपाट पडद्यावर मिन-डी, मिन-ई आणि एटीपी टाकलं तरी लाटा उठल्या! मला तर हे भारीच वाटतं.

आणखी एक राखणदार आहे, एसएलएमए, तो डीएनएवर बसून असतो, म्हणजे डीएनए मधात पसरलेला असताना त्याच्यावरूनच धुरा, म्हणजे रिंग, पडू नये.

आणि काडीनं कधी तुटायचं? मला वाटायचं ठरावीक लांबी झाली की तुटत असेल, तसं नाही. जन्मल्यापासून ठरावीक लांबीची भर पडली की तुटते, मग जन्मताना लहान असो की मोठी. लहान जन्मलेलीही तेवढीच वाढते, मग अर्धी होते, अशा चार-पाच पिढ्यांत फरक आपोआप मिटतो.

मिन बिघडलेल्या काड्या मात्र टोकाशीही तुटतात. मग बारके गोळे सुटतात, आत डीएनएच नाही, सरकी नसलेलं बोंड जसं. 1967 पासून त्यांना मिनीसेल म्हणतात.

हे सगळं मी बाबांना सांगितलं, त्यांनी विडी विझवली, मचाण तसंच सोडलं आणि बाज उचलून वावराच्या मधात टाकली. त्या रात्री डुकरं नाल्याच्या टोकानं आली.