शेफ व्हायचंय तर हॉटेल मॅनेजमेंटच करायला पाहिजे का?

बारावीनंतर शेफ व्हायचंय असं कुठं बोलून बघा, समोरचा माणूस कोणीही असो, उत्तर एकच, हॉटेल मॅनेजमेंट कर. संजीव कपूर दिल्लीच्या पुसा आयएचएमचे (आयएचएम म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी संस्था), विकास खन्ना मणिपालचे, त्यामुळे लोकांना तोच एक रस्ता माहीत. मी पण वर्षभर तेच धरून बसले होते आणि एनसीएचएम जेईईची, म्हणजे आयएचएमच्या डिग्रीच्या एन्ट्रन्सची, पुस्तकं आणली होती. त्या परीक्षेत इंग्लिश, रीझनिंग, जीके, गणित आणि सर्व्हिस अॅप्टिट्यूड असतं, म्हणजे तुम्हाला कांदा कापता येतो का हे कोणी विचारत नाही. ठीक आहे, एन्ट्रन्स आहे, असणारच तसं.

पण मग सिलॅबस नीट वाचला. तीन वर्षांच्या डिग्रीत किचन हा चारातला एक भाग. बाकी फ्रंट ऑफिस, हाऊसकीपिंग, सर्व्हिस. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळंच करावं लागतं, बेडशीटचे कोपरे कसे दुमडायचे ते पण. एका सीनियर ताईला विचारलं तर ती म्हणाली, अगं तुला पुढं मॅनेजर व्हायचं असेल, मोठ्या चेनच्या मॅनेजमेंट ट्रेनीत जायचं असेल तर डिग्रीच पाहिजे, पण नुसतं किचनच करायचंय हे आत्ताच पक्कं असेल तर तीन वर्षं आणि ती फी याचा दोनदा विचार कर. फी सरकारी असली तरी हॉस्टेल, युनिफॉर्म, नाईफ किट सगळं धरून लाखांतच जाते.

आता आमच्या घरचा प्रॉब्लेम वेगळाच. इचलकरंजीत आमची खानावळ आहे, गिऱ्हाईक बहुतेक लूमवरचे कामगार, दोन पाळ्यांची जेवणं. त्यामुळे पप्पांचं म्हणणं, "भाकरी थापायला कॉलेजात जाणार व्हय? आईच्या शेजारी उभी रहा, फी मी घेत न्हाई." आणि खरं सांगू का, यात दम आहे. पन्नास माणसांचा रस्सा डोळ्यांनी मीठ बघून करणं कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. म्हणून मी प्रश्न जरा फिरवला, जे आईकडं मिळतं ते सोडून कॉलेजात काय मिळणार? पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध घातल्यावर आई उकळी येऊ देत नाही, का ते विचारलं तर म्हणते फुटतं. ते फुटतं म्हणजे आत नक्की काय होतं, मग दुसऱ्या कुठल्या सॉसला तेच होईल, फुटलंच तर सावरायचं कसं, हे मला हवंय. शिजवलेलं अन्न पाच ते साठ डिग्रीच्या मध्ये फार वेळ ठेवायचं नाही, हे आमच्याकडं वास घेऊन ठरतं. एक किलो मटणाचं शिजून किती राहिलं आणि एका वाटीत किती गेलं याचा हिशोब तर पप्पांच्या डोक्यात असतो, वहीत नाही. आणि बेकरी, स्टॉक (हाडं-भाज्या उकळून काढलेलं पाणी), मोठ्या किचनमधली ब्रिगेड, म्हणजे कोणी कुठलं काम करायचं ती उतरंड, हे तर आमच्याकडं नाहीच.

तर हे सगळं कुठं मिळेल ते शोधत बसले. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो, दहावीनंतर, सगळ्यात स्वस्त, पण मला बेकरीही तेवढीच पाहिजे. दुसऱ्या टोकाला तिरुपती आणि नोएडाची इंडियन कलिनरी इन्स्टिट्यूट, तिथं कलिनरी आर्ट्सचीच डिग्री, मणिपालला पण आहे. पॅरिसचं ल कॉर्दों ब्लू 1895 पासून चालू आहे आणि त्यांचा मोठा डिप्लोमा नऊ महिन्यांत होतो, अमेरिकेतल्या कलिनरी इन्स्टिट्यूटला लोक चक्क सीआयए म्हणतात (1946 साली महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम शिकवायला काढलेली), ते सगळं रात्री मोबाईलवर बघायला लय भारी, पण एवढं कर्ज काढून परत येऊन कॉमी थ्री म्हणूनच सुरुवात करायची, म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी आणि पगारही तसाच, मग तो हप्ता कोण भरणार? ज्याच्या घरी पैसा आहे त्यानं खुशाल जावं, कर्ज काढून जायच्या मी विरोधात आहे.

मधल्या काळात ओळखीनं कोल्हापूरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये उभी राहिले, बिनपगारी. कोर्स निवडायच्या आधी प्रत्येकानं हे करावंच, कारण ब्रेक शिफ्ट म्हणजे काय ते ब्रोशर वाचून कळत नाही, सकाळी गेलं, दुपारी सोडलं, संध्याकाळी परत, घरी यायला मध्यरात्र. पोतंभर कांदे, लसूण, आणि सणाच्या दिवशी तर सुट्टीचं नावच काढायचं नाही. आणि मुलगी दिसली की "बेकरीत जा, तिकडं बरं पडेल" हे तिथं पण ऐकलं. बेकरी मला आवडते ओ, पण मी तंदूरला का उभी राहू नये?

शेवटी ठरलं ते डिप्लोमाचं. काही आयएचएममध्ये फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा डिप्लोमा असतो, एक वर्ष कॉलेज आणि मग 24 आठवडे हॉटेलात ट्रेनिंग, आणि त्याला ती जेईई लागत नाही. डिग्री राहून जाते हे मान्य, परदेशी जायचं झालं तर कदाचित अडेल, तेव्हा बघू, बी.कॉम. बाहेरून करता येतं. कॉलेज निवडताना मी बिल्डिंग बघत नाहीये, एवढंच विचारतेय की प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये किती जण, प्रत्येकानं स्वतः पदार्थ करायचा की गटात एकानं करायचा आणि बाकीच्यांनी बघायचं, आणि ट्रेनिंगला कुठली हॉटेलं. एका ठिकाणी या प्रश्नांवर सरळ उत्तरच मिळालं नाही, ते नाव लिस्टमधून काढलं.

पप्पा तयार झालेत पण अट घालून, परत आलीस की पहिल्यांदा आपल्या ताटाचा खरा खर्च काढून द्यायचा. तो मी आत्ताच काढून ठेवलाय, पण सांगितला तर ताटाचा दर वाढवावा लागेल आणि ते काय पप्पा करणार नाहीत, म्हणून गप्प आहे.