कुंडलिकेकाठची सावली: आमची वाटचाल

तंबू भाड्याने देण्यापासून आमचा धंदा सुरू झाला. ट्रेकच्या ग्रुपना दोन-तीन माणसांचे डोम तंबू, मॅट, हेडटॉर्च एवढंच सामान. हळूहळू गिऱ्हाईकच म्हणू लागलं, तंबू तुमचे तर जागाही तुम्हीच दाखवा. त्यातून कोलाडजवळ कुंडलिकेच्या काठाला आंबा-जांभळाची जुनी वाडी भाडेपट्ट्याने घेतली. महामार्ग जवळ, कोकण रेल्वेचं स्टेशन जवळ. पण खरं कारण वेगळं होतं. इथे मे महिन्यातही नदी वाहते.

ते पाणी मुळचं घाटावरचं. मुळशी धरणातून ते खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि टर्बाइन फिरवून झालं की कुंडलिकेला मिळतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ सालचं. मुळा नदीतून भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं पाणी असं कोकणात येतं. कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावरच चालतं आणि आमची सगळी काळजीही त्याच्यापायीच. आभाळ कोरं असतानाही पाणी वाढतं. पहाटे गुडघाभर दिसणारी धार सकाळी पाणी सुटल्यावर थोड्याच वेळात अंगावर येते, आणि वीजनिर्मितीचं गणित बदललं की वेळही बदलते. म्हणून काठावरच्या एका दगडावर रंगाची रेघ आहे. ती बुडाली की कुणीही पाण्यात नाही, पोहता येणाराही नाही. एरवीही लाइफ जॅकेटशिवाय घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही.

तंबूची जागा ठरवताना पाण्याकडे बघून उपयोग नाही, झाडांकडे बघावं. पावसाळ्यात फांद्यांत अडकलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिक किती उंचीवर आहे ते पाहायचं. तीच पुराची खूण. तंबू लावायचे आमचे सगळे ओटे त्या खुणेच्या वर आहेत. नदी जरा लांब दिसते म्हणून काहीजण कुरकुरतात, कुरकुरू देत.

आता सावली. फोनवर पहिला प्रश्न तोच असतो, आणि डिसेंबरातले फोटो पाहून लोक एप्रिलचं बुकिंग करतात. सागाची रांग हिवाळ्यात छान दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गळाली की तिच्याखाली तंबू म्हणजे भट्टी. उन्हाळ्याची सावली आंब्याची आणि जांभळाची. मात्र मोहोराच्या दिवसांत आंब्यावर तुडतुडे येतात, त्यांचा चिकटा खाली टपकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. त्या काळात मोहोरलेल्या झाडांखालचे ओटे रिकामे ठेवतो. चिकटा पडलाच तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि स्पंज. कपड्यांची पावडर किंवा ब्रश लावला की कापडाचा पाणीरोधक थर निघून जातो. मे महिन्यात पाडाचे आंबे पडतात. शेंड्यावरून येणारा आंबा तंबूची काडी मोडतो, डोक्यात बसला तर काय सांगावं. म्हणून तंबू फळांच्या घोसाखाली नाही, थोडा सरकवून.

पाऊस संपला की आधी झाडं तपासतो, तंबू नंतर. आंब्यावरच्या बांडगुळाने फांदी पोखरते आणि वारा नसतानाही तुटते. नुसतं बांडगूळ ओढून काढलं तर ते पुन्हा फुटतं. ते धरलंय त्याच्या खालून हातभर फांदीच कापावी लागते. त्याच वेळी आग्या मोहोळ कुठे आहे ते बघून घेतो. शेकोटी त्या झाडापासून दूर आणि धूर तिकडे जाणार नाही अशा बाजूला. धुराने चवताळलेल्या माशांपुढे कुणाचंच काही चालत नाही.

ओटा दहा फूट बाय दहा फूट. कडेला जांभ्या चिऱ्याची एक रांग, आत मुरूम ठोकून वर तीन-चार इंच वाळू, आणि नदीकडे किंचित उतार. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर आलेली कड पाणी झेलून तळाखाली घेऊन जाते. ‘तंबू गळतो’ या तक्रारीत बहुतेकदा हेच निघतं. दुसरं कारण दव. नदीकाठी थंडीत माणसं सगळ्या चेन लावून झोपतात, श्वासाची वाफ कापडाला लागून थेंब होतात आणि सकाळी पांघरूण ओलं. वरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि वरचं कापड आतल्या जाळीला चिकटणार नाही इतकं ताणायचं.

मच्छरदाणीची चेन मात्र कायम बंद. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. लाल विंचू तर कोकणातला जुना शत्रू. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्याआधी विंचूदंशाने माणसं दगावायची. आमचा नियम साधा: बूट झटकून घालायचे, लाकडं उचलायची ती टॉर्च लावून, आणि दंश झाला तर पट्टी आवळणं, चिरणं काही नाही. अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ला फोन. हे येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगतो, कंटाळले तरी.

पिण्याचं पाणी विहिरीचं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, मग किमान तासभर थांबायचं. संडासांचा शोषखड्डा नदी आणि विहीर दोन्हींपासून लांब. खरकटं रात्री उघडं राहिलं तर रानडुकरं येतात, म्हणून झाकणाचे पिंप.

२०२१ला राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार, विमा यांची कागदपत्रं वाढली. नोंदणी आहे का असं गिऱ्हाईक आता आपणहून विचारतं, हा त्यातला फायदा.

पावसाळ्यात कॅम्प बंद. ‘पावसातली मजा’ मागणारे पुष्कळ येतात. त्यांना गावातल्या घरगुती निवासांकडे पाठवतो. मेअखेरीस तंबू सावलीतच दोन दिवस वाळवतो, कडक उन्हाने कापड विरतं. किंचित ओलसर तंबू गुंडाळला तर आतला लेप चिकट होऊन सोलतो आणि त्या वासाचा तंबू पुन्हा कुणी घेत नाही. काड्या वेगळ्या, खुंट्या मोजून वेगळ्या, कापड सैल घडीने माळ्यावर, उंदरांसाठी पत्र्याच्या पेटीत. कोजागिरीच्या आसपास पेट्या उघडतो, चेनींना मेण लावतो आणि पहिल्या ओट्यावरची वाळू बदलायला घेतो.