पेन-ट्रे झाला, पेटी अर्धी झाली, आणि किमतीचं गणित थोडं उलगडलं

सध्याची परिस्थिती अशी: पेन-ट्रे तेल पिऊन तयार आहे, एका ड्रॉवरच्या पेटीचे चारही कोपरे बसलेत, आणि मॉनिटरखालचा स्टँड अजून फळीच्या रूपात भिंतीला टेकून उभा आहे. टेबलावरच्या या तीन वस्तू करायला घेतल्या त्या थोड्या हट्टानेच. असाच सागवानी ट्रे 'हँडक्राफ्टेड' म्हणून अडीच-तीन हजारांना दिसतो, छोटी पेटी साडेचार-पाच हजारांना, स्टँड सात-आठ हजारांना. हे पैसे नेमके कशाचे, ते स्वतः करून बघायचं होतं. अर्ध्या वाटेवर माझं मत असं झालंय: ट्रे महाग आहे, पेटी चक्क स्वस्त आहे, आणि स्टँडचं उत्तर फळी कशी चिरलीय त्यावर आहे.

आधी लाकूड, कारण किंमत ऐकली की पहिला संशय त्याच्यावरच जातो. ट्रेचं माप २५० बाय ९० मिलिमीटर, जाडी २०. म्हणजे घनफुटाचा साधारण त्रेसष्टावा भाग. सागवान घनफुटाला ५,००० रुपये धरला तरी ट्रेच्या वाट्याला ८० रुपयांचं लाकूड येतं. चिराई, रंधाई, गाठीमुळे टाकून दिलेला तुकडा असं सगळं धरून दुप्पट करा, तरी दोनशेच्या आतच. लाकूड महाग म्हणून ट्रे महाग, असं कोणी विकणारा सांगू लागला तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवावा.

सागाच्या नावाला मात्र वजन आहे, हे मान्य. आपल्याकडचा चंद्रपूर-बल्लारपूर-आलापल्ली पट्ट्यातला 'सीपी' साग अजूनही मध्यप्रांताच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस) इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड निघालं तेव्हा त्याची मिरवणूक काढली होती. मी घेतलेला माल इतका मानाचा नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या लाकूड बाजारातून जुन्या वाड्याच्या तुळईचा तुकडा आणला. असं लाकूड घ्यायचं तर खिशात लोहचुंबक हवाच. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला दात पाडतो, आणि मग पुढची सगळी संध्याकाळ धारेच्या दगडावर.

आता ट्रे. त्यात करण्यासारखं काय असतं? पेन ठेवायच्या चार-पाच पन्हाळी, कडांना गोलाई आणि पॉलिश. पन्हाळी मी गोल पटाशीने कोरल्या, कारण मजा त्यातच आहे. पण साचा लावून राउटर, म्हणजे लाकूड कोरायचं फिरत्या पात्याचं यंत्र, फिरवला तर तेच काम काही मिनिटांत होतं, आणि संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर तर माणूस चहा पिऊन येईपर्यंत. बाजारातले बरेचसे ट्रे असेच निघतात. ओळखायचं कसं? सगळ्या पन्हाळींची खोली केसाइतकीही बदलत नाही, टोकांची गोलाई हुबेहूब सारखी असते, कुठेही पटाशीचा फटकारा दिसत नाही. यंत्राचं काम वाईट असं माझं म्हणणं नाही, उलट ते जास्त नेमकं असतं. पण मग हाताचा भाग उरतो तो पॉलिश पेपरचा, खरखरीत ते बारीक नंबरांचा: १२०, १८०, २४०, ३२०. तेवढ्यासाठी अडीच हजार मला जड वाटतात. त्यात जागेचं भाडं, कुरिअर, पॅकिंग, ऑनलाइन दुकानाचं कमिशन आहे हे कळतं, तरीही.

पॉलिशवर थोडं रेंगाळतो, कारण शाईचे पेन वापरणाऱ्या मंडळींना याचा उपयोग होईल. मला आधी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून हात द्यायचे होते. तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला येत नाही. पण टेबलावर सॅनिटायझर असतो, त्यात अल्कोहोल असतं, आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते. ओल्या हाताचा एक ठसा पुरे. म्हणून ट्रेला जवसाचं तेल पाजलं आणि वरून मेण. तेलाने शाईचे डाग अडत नाहीत, पण डाग पडला तर तेवढीच जागा घासून पुन्हा तेल लावता येतं. एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो: जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती कोंडून तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

हाताने केलेलं म्हणजे महागच, हेही खरं नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा लाखेचा पेनस्टँड घ्या. काळ्या कुड्याचं लाकूड लेथवर फिरतं, रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चमक आणतात. सगळं काम हाताचं, कसब पिढ्यांचं, आणि किंमत काही शेकड्यांत. कारण लेथवर सरावाचा हात एक नग मिनिटांत उतरवतो. आपल्या सावंतवाडीच्या चितार आळीतही हाताने रंगवलेल्या लाकडी वस्तू 'हँडक्राफ्टेड' म्हणून विकणाऱ्या स्टुडिओवाल्यांच्या मानाने कितीतरी कमी दरात मिळतात. तिथे कारागिराला कमी मिळतं की स्टुडिओ जास्त घेतो, यावर माझा कौल पहिल्या बाजूला जास्त झुकतो.

पेटीवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवतोय, आणि माझं मत फिरलं ते इथेच. दर्शनी फळीला अर्धं झाकलेलं डव्हटेल (शेपटीच्या आकाराचे दात एकमेकांत अडकवलेला सांधा), म्हणजे समोरून सांधा दिसू नये, बाजूने दिसावा. सागात सिलिका असते, त्यामुळे पटाशीची धार बघता बघता मरते. एका कोपऱ्यात चारदा धार लावणं मी आता नेहमीचं धरतो. चिकटवायच्या आधी सांधा अॅसिटोनने पुसायचा, कारण सागाचं तेल वर आलेलं असलं तर फेव्हिकॉल नीट धरत नाही. इतकं करून बाहेरून दिसतं काय, तर कोपऱ्यावर चार त्रिकोणी शेपट्या.

सोसायटीत कपाटाच्या कामाला आलेल्या मिस्त्रीकाकांनी तो कोपरा हातात घेऊन उलटसुलट बघितला. म्हणाले, "साहेब, सांधा चांगला आलाय. पण हे विकायला नाही परवडायचं. मी यात दिवस घालवला तर घरी काय नेऊ?" त्यांची मजुरी दिवसाला १,२०० धरली, तर तासाला १५० पडतात. अशा पेटीला सरावलेल्या हाताचेही वीस तास धरायला हरकत नाही. म्हणजे नुसती मजुरी ३,०००. पितळी मूठ, लाकूड, पॉलिश, वाया गेलेला माल, आणि विकणाऱ्याचा खर्च. साडेचार हजारांत ही पेटी खरोखर अशी केलेली असेल, तर करणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

आणि खरं काम तर आत लपलेलं असतं. ड्रॉवरचा तळ चारही बाजूंनी खाचेत नुसता सरकवलेला हवा, चिकटवलेला नको. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा कडकडीत कोरडी आणि जुलैमध्ये ओलीगच्च. लाकडातला ओलावा १० वरून १४ टक्क्यांवर गेला असं धरलं, तर नेहमीसारखी चिरलेली २५० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी सुमारे पावणेदोन ते दोन मिलिमीटर फुगते. हा सगळ्यात शांत लाकडांपैकी एक मानला जाणारा साग. चारही बाजूंनी फेव्हिकॉल लावून ठेवला तर तळ तडकतो किंवा सांधा उघडतो. वाड्यांच्या जुन्या दारांचे दिल्हे, म्हणजे मधल्या फळ्या, चौकटीत सुटे बसवलेले असायचे ते याचसाठी. ते अजून शाबूत आहेत.

ड्रॉवरची बाजू ६० मिलिमीटर उंच आहे, तिला याच हिशेबाने अर्धा मिलिमीटर वर-खाली सोडावा लागतो. उन्हाळ्यात बसवत असाल तर वर तेवढी फट ठेवा. पावसाळ्यात बसवलात तर घट्ट चालेल, पुढे तो आपोआप मोकळा होतो. विकत घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटा करा. तळ खाचेत हलकासा हलत असेल तर करणाऱ्याला लाकूड कळतं. तळाला प्लायवुड असेल तर फुगण्याची काळजी नाही, पण मग किंमतही त्या मानाने हवी. आंब्याचं लाकूड असेल तर बारीक भोकं आणि खाली पडलेली पिठासारखी पावडर बघा. भुंगा लागलेला असतो आणि तो तुमच्या टेबलावर मुक्कामाला येतो.

स्टँडबद्दल सांगण्यासारखं फार झालेलं नाही. ६०० बाय २३० बाय २२ मिलिमीटरच्या फळीत याच दराने साडेपाचशे रुपयांच्या आसपासचं लाकूड आहे, आणि काम म्हणाल तर दोन पाय. सात हजार द्यायचे असतील तर आधी फळीचं टोक बघा. वरच्या रेषा टोकावरून खाली उतरत नसतील तर आत एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) आणि वर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. अस्सल फळी असेल तर टोकावरची वलयं बघा. ती उभी असतील तर फळी रुंदीत जवळपास निम्मीच हलते, वाकडीही सहसा होत नाही. एका ओंडक्यातून अशा फळ्या कमी निघतात, म्हणून त्यांना जास्त पैसे देणं मला पटतं. आडव्या वलयांच्या फळीला मी तेवढे देणार नाही.

माझ्या भिंतीला टेकलेल्या फळीची वलयं निम्म्या रुंदीत उभी आणि निम्म्यात आडवी आहेत. ती मधून चिरून, उभ्या वलयांच्या दोन पट्ट्या शेजारी जोडून २३० ची रुंदी निघते का ते बघतोय. निघाली नाही तर स्टँड २०० चा होईल. मॉनिटरचा पाय १८० चा आहे, त्याला तेवढं पुरतं.