निकाल लागला, पण सह्या व्हायच्या होत्या

नोव्हेंबरातल्या सिटी कौन्सिलच्या निवडणुकीत मी मिशिगनमधल्या एका मतदान केंद्रावर काम केलं. कोण आलं, कोण पडलं ते त्याच रात्री सगळ्यांना कळलं. तरी कायद्याने तो निकाल कच्चाच. काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, ‘बोर्ड ऑफ कॅनव्हासर्स’ने (निकाल तपासणाऱ्या मंडळाने) तपासून सह्या केल्या की पक्का, आणि त्याला मुदत 14 दिवसांची. बैठक सर्वांना खुली असते, म्हणून जाऊन बसले.

बोर्डावर चौघं: दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करून प्रमाणपत्र हातात देतो. इथे हे काम चक्क पक्षांच्या माणसांकडे! मला आधी ते पचेना.

प्रत्यक्षात काम अगदीच कारकुनी निघालं. एकाच्या पुढ्यात पोलबुक, म्हणजे केंद्रावरची मतदारांची नोंदवही, दुसऱ्या पक्षाच्या माणसाच्या हातात टॅब्युलेटरची (मतं मोजणाऱ्या मशीनची) वाण्याच्या बिलासारखी लांबलचक पट्टी. मतपत्रिका दिल्या किती, मशीनने घेतल्या किती? मतं पुन्हा मोजत नाहीत, ताळा जुळवतात. आमच्या केंद्रावर एक कमी भरली. शेरा वाचला गेला: एक बाई मतपत्रिका घेऊन मशीनपर्यंत न जाताच निघून गेल्या. वेळेसकट नोंद होती. टिक झाली, पुढचं केंद्र. त्या केंद्राचाही एकाचाच फरक, पण शेऱ्याचा रकाना कोरा. शहराच्या क्लार्कला, म्हणजे निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावलं; खराब मतपत्रिकांचं पाकीट आलं, त्यात नोंद राहून गेलेली एक सापडली. एवढ्यासाठी तासभर गेला. छापील नावांऐवजी मतदारांनी मतपत्रिकेवर हाताने लिहिलेल्या नावांमध्ये आधी अर्ज दिलेल्यांचीच धरतात, त्यामुळे गमतीने लिहिलेला मिकी माऊस बाद.

नेहमी इतकं सुरळीत होतंच असं नाही. 17 नोव्हेंबर 2020 ला, डेट्रॉईट ज्यात येतं त्या वेन काउंटीत अशाच न जुळलेल्या आकड्यांवरून बोर्ड 2-2 असं अडलं; काही तासांत कोंडी फुटली. मग 2022 मध्ये मतदारांनी राज्याच्या घटनेतच घालून टाकलं, की आकड्यांप्रमाणे निकाल प्रमाणित करणं हे बोर्डाचं कर्तव्य आहे, मर्जीचा मामला नाही. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

आमच्याकडे एका गृहस्थांनी उठून घोटाळ्याचा आरोप केला. अध्यक्षांनी ऐकून घेतलं, चौकशी करायचा आम्हाला अधिकार नाही म्हणाले आणि ठराव मताला टाकला. चारही हात वर. सह्या झाल्या, काउंटीचा शिक्का पडला. फेरमोजणीच्या अर्जाची मुदत इथून पुढे मोजतात. थोडक्या मतांनी हरलेला एक उमेदवार लगेच काउंटी क्लार्कच्या टेबलाकडे वळला.