आयपी पत्त्यांचा ब्लॉक मागताना ‘राउट करून द्या’ म्हणा

सांगलीतल्या एका सीए ऑफिसचं नेटवर्क नुकतंच उभं केलं. पंधरा-वीस संगणक, टॅलीचा सर्व्हर आणि घरून काम करता यावं म्हणून व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट. राउटरच्या वॅन पोर्टवर, म्हणजे इंटरनेटची जोडणी येते तिथे, आयपी पत्ता आला तो १००.६४ ने सुरू होणारा. हा सार्वजनिक पत्ता नव्हे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा २०१२ पासून इंटरनेट कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठी (अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी) राखीव आहे. अशा जोडणीवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या संगणकाकडे वळवणं) कितीही करा, बाहेरून काही आत येत नाही.

म्हणून /२९ चा स्थिर ब्लॉक, म्हणजे न बदलणाऱ्या सलग सार्वजनिक पत्त्यांचा गट, घेतला. पत्ते आठ. ब्लॉक थेट वायरवर, म्हणजे कंपनी आणि आपला राउटर यांच्यातल्या दुव्यावरच मिळाला तर पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, एक कंपनीच्या गेटवेचा. हाती उरतात पाच. माझा आग्रह असतो तो राउट करून घेण्याचा: दुव्यासाठी वेगळा /३० (चार पत्त्यांचा छोटा ब्लॉक) आणि अख्खा /२९ आपल्या राउटरकडे पाठवलेला. मग प्रॉक्सी एआरपीची (इतर पत्त्यांच्या वतीने राउटरने उत्तर देण्याची) कटकट राहत नाही, नॅटसाठी आठही पत्ते वापरता येतात. ही मागणी फोनवर सांगून भागत नाही, तांत्रिक विभागाला लेखी कळवा.

आणि कृपा करून टॅलीचं किंवा रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. बाहेरून फक्त व्हीपीएनचं पोर्ट दिसू द्या.