पायलटची टंचाई आहे, पण ती २०० तासवाल्यांची नाहीये

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो फ्लाइट्स कॅन्सल झाली तेव्हा त्या एका आठवड्यात मला सात-आठ फोन आले असतील, सगळे घरात बारावीचा मुलगा नाहीतर मुलगी असलेल्यांचे. गावाकडच्या शेजारच्या काकांचा तर रात्री साडेदहाला, "अगं टीव्हीवर सांगतायत पायलटच मिळंनात, मग आमच्या पोराला पायलटच्या कोर्सला घालू का आता? रोडकडंचं दीड एकर काढलं की होतंय." मी स्वतः एअरलाइनमध्ये पायलट, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या फ्लाइटला होते, घाईघाईत एवढंच म्हणाले की काका, जमीन आत्ता काढू नका, मी सविस्तर सांगते. ते सविस्तर इथेच लिहितेय, कारण हाच प्रश्न बाकीच्यांचाही आहे.

टंचाई खरी आहे, त्यात खोटं काहीच नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर दिली, त्याच वर्षी इंडिगोने ५०० ची दिली. एका विमानामागे डझनभर तरी पायलट लागतात कारण विमान दिवसरात्र उडतं आणि माणसाला झोप लागते. त्यात ड्युटी-रेस्टचे नवे नियम आले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली (आणि हे व्हायलाच हवं होतं, पहाटे चारला डोळे चुरचुरत असताना ज्याने विमान उतरवलंय त्यालाच कळेल), म्हणजे तेवढ्याच फ्लाइट्सना जास्त माणसं लागायला लागली.

पण माणसं म्हणजे कोण? मुख्य टंचाई आहे ती कॅप्टनची. कॉकपिटमध्ये दोघं लागतात, त्यातला डावीकडचा तयार व्हायला वर्षं जातात. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्ससाठी, कमीत कमी १५०० तास उड्डाण हवं, वर एअरलाइनच्या आपापल्या अटी, मग कमांडचं, म्हणजे कॅप्टन होण्याचं, ट्रेनिंग, तेही दुसऱ्या अनुभवी ट्रेनिंग कॅप्टनबरोबर, आणि तोही कॅप्टनच असल्यामुळे तो मिळणं अवघड. कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाचा नोटीस पीरियड आहे, फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे उजवीकडच्या पायलटला, सहा महिने, यावरूनच समजा कोणाची किती ओढ आहे ते. आणि हातात ताजं सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स), लॉगबुकात २०० तास, असे मुलंमुली मात्र भरपूर आहेत. २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) १६०० च्या वर सीपीएल दिली. त्यातल्या सगळ्यांना लगेच सीट मिळालेली नाही.

माझंच सांगते. माझं सीपीएल फेब्रुवारी २०१९ मध्ये हातात आलं. एप्रिलमध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तास उडवलेले लोक रातोरात बाजारात आले, माझ्या २०० तासांकडे कोण बघणार. मग २०२० मध्ये कोविड. बाबांनी फ्लॅटवर लोन काढलेलं, हप्ता चालू, आणि मी घरी. त्यात कोणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे लायसन्स मिळालं की खर्च थांबत नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवायची परवानगी) दर वर्षी रिन्यू करावं लागतं, क्लास वन मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटची तपासणी, दर वर्षी, आणि वेकन्सी निघेल तेव्हा हे सगळं चालू पाहिजे नाहीतर अर्जच करता येत नाही. रिन्यूअलच्या तासांसाठी एका फ्लाइंग स्कूलमध्ये पैसे भरले तर दोन महिने विमान दुरुस्तीत, आज होईल उद्या होईल करत रेटिंगची तारीख उलटली आणि त्याच पंधरवड्यात एका एअरलाइनची जाहिरात आली. तो पंधरवडा मी अजून विसरले नाहीये.

त्यानंतर मी जे केलं ते मी आज प्रत्येकाला मनापासून सांगते, मी इन्स्ट्रक्टर झाले. आपल्याकडे याला उगीच कमी समजतात, "एअरलाइनमध्ये लागली नाही म्हणून शिकवते" असं. अमेरिकेत २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर नियम कडक झाले, तिथे एअरलाइनमध्ये बसायला साधारण १५०० तास लागतात, मग तिकडची पोरं सरळ इन्स्ट्रक्टर होऊन तास भरतात, तो त्यांचा नेहमीचाच रस्ता आहे. आपल्याकडे २०० तासांवर एअरलाइनच्या ए३२० विमानात बसता येतं म्हणून हा रस्ता लोकांच्या नजरेतच येत नाही.

मला त्या दोन वर्षांनी जे दिलं ते कुठल्याच सिम्युलेटरने दिलं नसतं. सकाळी साडेसहाला सेसनाच्या पंखावरचं दव फडक्याने पुसायचं, टाकीखालून पेट्रोल काढून उजेडात धरून पाणी नाही ना बघायचं, आणि मग शेजारी घाबरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. रनवे जवळ आला की तो नाक लवकर उचलणार, विमान परत हवेत तरंगणार, स्पीड चालला खाली, आणि तुमच्याकडे एक-दीड सेकंद. किती वेळ त्याला स्वतः सावरू द्यायचं आणि कधी "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं हे हळूहळू हातात येतं. आणि अजून एक, इन्स्ट्रक्टर उजव्या सीटवर बसतो, म्हणजे डावा हात थ्रॉटलवर आणि उजवा कंट्रोलवर, फर्स्ट ऑफिसरचंही अगदी तसंच. एअरलाइनमध्ये पहिल्या दिवशी माझे हात आपोआप जागेवर गेले. माझ्या पहिल्या विद्यार्थिनीच्या सोलोला, म्हणजे ती पहिल्यांदा एकटी उडाली तेव्हा, मी रनवेच्या कडेला हातात रेडिओ घेऊन उभी होते, तिचा डाउनविंडचा (रनवेला समांतर परत येतानाचा) रेडिओ कॉल येईपर्यंत श्वास धरून, आणि ती उतरल्यावर पद्धतीप्रमाणे तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं तेव्हा दोघीही रडलो.

२०२२ च्या शेवटी मला एअरलाइन मिळाली, आज मी फर्स्ट ऑफिसर आहे, कमांडच्या रांगेत. इन्स्ट्रक्टरांचीही टंचाई आहे बरं का, ते नाहीत म्हणून शाळांमध्ये मुलांचे तास रखडतात, हे टीव्हीवर कोणी सांगत नाही.

बाकी रस्ते थोडक्यात. एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम, म्हणजे एअरलाइनच निवडून ट्रेनिंगला पाठवते तो, केलात तर नोकरीची खात्री जास्त, पण खर्च कोटीच्या आसपास नाहीतर वरच, आणि करारातली प्रत्येक ओळ वाचा, "सशर्त" हा शब्द कुठे-कुठे आहे त्यावर पेनाने खूण करा. स्वतंत्र सीपीएल ५०-६० लाखात होतं, वर टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचे, वेगळे लाखो. आपल्याकडे गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथे शिकता येतं, रायबरेलीजवळची सरकारी फ्लाइंग अकादमी इग्रुआ आहे, तिला प्रवेश परीक्षा असते. बाहेरच्या देशात केलंत तर तास भराभर होतात पण परत येऊन इथलं लायसन्स करून घ्यायला वेळ आणि पैसा लागतो तो धरा. आणि फक्त एअरबस-बोइंगच डोक्यात ठेवू नका, गोव्याची फ्लाय९१ एटीआर उडवते, कोल्हापूरला येणारी स्टार एअर एम्ब्रेअर उडवते, चार्टर कंपन्या आहेत. लहान विमानातले तास हे पण तासच आहेत.

काकांना मी शेवटी रविवारी व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, फी भरायच्या आधी मेडिकल, सुरुवातीचं क्लास टू आणि मग क्लास वनसुद्धा, कारण ३० लाख भरल्यावर हृदयाचं नाहीतर रंग ओळखण्याचं काही निघालं तर ते पैसे कोणी परत देत नाही. दुसरी, जेवढा पैसा जमवाल त्यातला लायसन्सनंतरच्या दोन वर्षांचा आधीच बाजूला काढा, रिन्यूअल, मेडिकल, इन्स्ट्रक्टर रेटिंग, राहणं-खाणं. तेवढा बाजूला काढून उरलेल्यात सीपीएल बसत नसेल तर अजून एक वर्ष थांबा, अठरा वर्षांच्या पोराचं काही बिघडत नाही. काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे आम्हाला त्या सेमिनारात कोणी बोललं नाही गं."

मागच्या आठवड्यात पोराचं क्लास टू झालं, फिट आला, चष्म्याचा नंबरही चालला. जमीन अजून आहे तशीच आहे. आधी डीजीसीएचे पेपर क्लिअर करायचे असं ठरलंय, आणि माझं नेव्हिगेशनचं पुस्तक मी एसटीच्या पार्सलने पाठवलंय, मार्जिनमधल्या पेन्सिलच्या खुणांसकट.